जुना सीडी प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतोय? लेझरवर खापर फोडण्याआधी हे तपासा

जुने सीडी प्लेअर जमवणाऱ्याच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडणारं वाक्य म्हणजे ‘याचं लेझर गेलंय.’ विकणारा तेच म्हणतो, दुरुस्तीवाला तेच म्हणतो, आणि एकदा तसं ठरलं की पुढे कुणी झाकणही उघडत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या असल्या यंत्रांमध्ये लेझर खरोखर संपलेली फार थोडी होती. बाकीच्यांत बेल्ट, ग्रीस, धूळ, सुटलेले सोल्डर आणि कधी कधी चक्क न काढलेला एक स्क्रू. त्यामुळे तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करायची आणि लेझर सर्वांत शेवटी.

लक्षणं

आधी तक्रार नेमकी काय आहे ते लिहून काढा. ‘चालत नाही’ ही तक्रार नव्हे. साधारण हे प्रकार दिसतात:

- ट्रे आत जातो, काही सेकंद खुडबुड होते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’, ‘एरर’ किंवा नुसत्या दोन आडव्या रेघा येतात.
- सीडी फिरतच नाही. किंवा फिरते ती भन्नाट वेगाने, काही वेळा उलट्या दिशेने, आणि मग थांबते.
- गाण्यांची संख्या आणि एकूण वेळ बरोबर दिसतो, पण पहिल्या एक-दोन गाण्यांत आवाज तुटतो.
- सुरुवात छान, शेवटच्या गाण्यांत अडखळतो.
- थंड असताना वाचत नाही, अर्ध्या तासाने वाचतो. किंवा बरोबर उलट.
- बाजारातली छापील सीडी चालते, घरी लिहिलेली चालत नाही.
- ट्रे अर्धवट उघडतो, किंवा बंद होऊन लगेच परत बाहेर येतो.

यातलं शेवटचं लक्षण वेगळ्या आजाराचं वाटतं, पण पहिल्या लक्षणाचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. ते पुढे येईलच.

झाकण न उघडता करायच्या गोष्टी

वायर भिंतीत खोचण्याआधी मागच्या पाटीवरचं व्होल्टेज वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेले प्लेअर १०० व्होल्टवर चालतात. संग्राहकांना हवी असलेली बरीच मॉडेल्स फक्त तिथेच विकली गेली होती. असं यंत्र २३० व्होल्टवर लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि मग या लेखातलं पुढचं काहीच कामाला येत नाही. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय बटण दाबू नका.

मग यंत्र उलटं करून तळ बघा. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच प्लेअरांना वाहतुकीत पिकअप (लेझर आणि लेन्स असलेला, सीडी वाचणारा भाग) हलू नये म्हणून तळाशी एक-दोन स्क्रू असत, सहसा लाल किंवा शेजारी बाण छापलेले. ते आवळलेले असतील तर आतली यंत्रणा जखडलेली राहते आणि ‘नो डिस्क’ येतं. कुरियरने आलेल्या यंत्रात हे पहिलं बघायचं. काढलेले स्क्रू फेकू नका, बहुतेक मॉडेलांत ते ठेवायला तळाशीच जागा असते.

आता सीडी. तपासणीसाठी कारखान्यात छापलेली, सपाट, ओरखडे नसलेली एक सीडी वेगळी काढून ठेवा, आणि दुसरी ७० मिनिटांहून लांब. दर वेळी याच दोन वापरायच्या. घरी लिहिलेल्या सीडीने निदान करू नका, कारण जुन्या यंत्रांची घडण झाली तेव्हा असल्या सीडी अस्तित्वातच नव्हत्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून तर प्रकाश जेमतेम १५ ते २५ टक्के परततो. छापील सीडीवरून ७० टक्क्यांच्या वर. पहिल्या पिढीच्या प्लेअरने पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी वाचली नाही तर तो बिघाड नाही. घरी लिहायच्या ८० मिनिटांच्या सीडीवर माहितीच्या रेघा एकमेकींपासून ठरलेल्या १.६ मायक्रॉन अंतरापेक्षा दाटीने असतात, त्यामुळे निरोगी जुना प्लेअरही तिच्यावर कधी कधी अडखळतो.

छापील सीडीही आजारी असू शकते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या फिलिप्स-ड्यूपाँ ऑप्टिकल कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या काही सीडी कडेकडून तपकिरी पडत आत सरकतात. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून असल्या सीडीची शेवटची गाणी आधी बिघडतात, आणि दोष मात्र प्लेअरच्या माथी बसतो. मधल्या कड्यावर ‘पीडीओ’ कोरलेलं दिसलं तर ती चाचणीला वापरू नका.

झाकण उघडल्यावर: पहिले पाच सेकंद बघा

सगळ्या निदानात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी सावधगिरी. वायर काढून मगच झाकण उघडा. पुन्हा लावाल तेव्हा ट्रान्सफॉर्मरजवळचा भाग, मुख्य वायर आणि पॉवरचं बटण यांपासून हात लांब. लेझर ७८० नॅनोमीटरचं म्हणजे अवरक्त असतं, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, आणि म्हणूनच घातक. लेन्समध्ये सरळ डोकावायचं नाही. किमान ३० सेंटीमीटरवरून, तेही तिरक्या नजरेने बघायचं.

तर ट्रे बंद होताच यंत्र एका ठरलेल्या क्रमाने वागतं. पिकअप अगदी आतल्या टोकाला जातो. लेझर लागतं. लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते, ती फोकस शोधत असते. फोकस सापडला तरच सीडी फिरू लागते. मग सीडीच्या आतल्या कडेला लिहिलेली अनुक्रमणिका वाचली जाते आणि पडद्यावर आकडे येतात. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या होकारावर अवलंबून आहे, म्हणून गाडी कुठे अडली ते कळलं की कुठे शोधायचं ते कळतं.

पिकअप आत जाऊन ‘टक-टक-टक’ करत राहिला तर आतल्या टोकाचा छोटा पत्तीचा स्विच काम करत नाहीये. गिअर बिचारा दात घासत बसलाय. पिकअप हललाच नाही तर रूळ जाम आहेत किंवा मोटर गेलीय. लेन्स वर-खाली होते पण सीडी फिरत नाही, म्हणजे फोकस मिळत नाहीये: घाणेरडी लेन्स, नीट न बसलेली सीडी, किंवा लेझर. लेन्स हललीच नाही तर पिकअपकडे जाणारी रिबन केबल आणि तिचा सॉकेट बघा. सीडी भन्नाट फिरली तर फोकस झालाय, पण पुढचा सिग्नल जुळत नाहीये. हे बहुधा इलेक्ट्रॉनिक्सचं काम, त्यात आपण फार खोल जाणार नाही.

लेझर लागतं का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं. काही मोबाइलांत अवरक्त प्रकाश गाळून टाकतात. म्हणून आपला मोबाइल टीव्हीच्या रिमोटवर आधी पारखून घ्या. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका दिसला म्हणजे लेझर जिवंत आहे, पण सशक्त आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

लेन्स पुसणं

कापसाच्या काडीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, काडी ओली नको, दमट हवी. लेन्सवर ती आपल्याच वजनाने टेकेल एवढाच दाब. मधून बाहेर हलक्या हाताने एक फेरी, मग कोरड्या काडीने दुसरी. ही लेन्स केसाएवढ्या तारांवर किंवा पातळ पट्ट्यांवर तरंगत असते. दाबली तर तारा वाकतात आणि चांगला पिकअप तुमच्या हातून संपतो. ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रव, काचेचा फवारा, काहीही नको. बऱ्याच लेन्स प्लास्टिकच्या असतात आणि ॲसिटोनने त्या दुधाळ होतात.

टॉर्च तिरका धरून बघितलं तर स्वच्छ लेन्सवर निळसर झाक एकसारखी दिसते. सिगारेटच्या धुरात राहिलेल्या यंत्राच्या लेन्सवर तीच झाक मळकट, ठिगळ लावल्यासारखी असते, आणि काडी पिवळी होऊन निघते. असं दिसलं तर मला आनंदच होतो, कारण पुष्कळदा काम तिथेच संपतं. ब्रश लावलेल्या ‘क्लीनर सीडी’ मात्र जुन्या यंत्रात मी घालत नाही. फिरता ब्रश लेन्सला किती जोराने फटकारतोय हे आपल्या हातात राहत नाही.

पायोनियरच्या पीडी-एस मालिकेतले प्लेअर हाती आले तर गोंधळू नका. त्यांत सीडी उलटी, लेबल खाली करून ठेवायची असते आणि लेन्स वरून खाली बघते. धूळ तिच्यावर फारशी बसत नाही, त्यामुळे या यंत्रांत मी लेन्सच्या आधी बाकीच्या गोष्टी तपासतो. सरळ ठेवलेली सीडी मात्र ती कधीच वाचणार नाहीत, हा ‘बिघाड’ही बघितलेला आहे.

बेल्ट: ‘नो डिस्क’चं लपलेलं कारण

बऱ्याच यंत्रणांमध्ये ट्रे आत आल्यावर मोटरचं काम संपत नाही. तीच मोटर पुढे यंत्रणा वर उचलते किंवा वरची चकती खाली आणते, आणि सीडी फिरत्या टेबलावर दाबून बसते. हा शेवटचा टप्पा सर्वांत जड. रबरी बेल्ट ढिला झाला की ट्रे ऐटीत बंद होतो, पण शेवटच्या दोन मिलिमीटरला बेल्ट घसरतो. सीडी अर्धवट टेकलेली, लेन्सला फोकस नाही, पडद्यावर ‘नो डिस्क’. बाहेरून बघणाऱ्याला ट्रे उत्तम चालतोय असं वाटतं आणि बिचारं लेझर बदनाम होतं.

तपासायला सोपं आहे. वीज काढून कप्पी हाताने फिरवा आणि यंत्रणा पूर्ण टोकाला जाते का बघा. विजेवर तिथपर्यंत जात नसेल, पण हाताने जात असेल, तर दोष बेल्टचा. काढलेला बेल्ट वर्तुळात न राहता कप्प्यांच्या आकारात अडकून राहिला, बोटाला चिकटला, किंवा त्यावर चकाकी आली असेल तर तो बदला. जुना ताणलेला असतो, म्हणून नवीन बेल्ट त्याच्या मापापेक्षा किंचित लहान हवा. फार घट्ट मात्र नको, मोटरच्या बुशिंगवर ताण येतो. बसवण्याआधी कप्प्या अल्कोहोलने पुसा, नाही तर नवा बेल्टही घसरेल. बेल्ट उकळून घट्ट करायची युक्ती लोक सांगतात. तिने निदान पक्कं करता येतं, दुरुस्ती होत नाही.

सीडी दाबणारी वरची चकतीही बघा. तिच्यात चुंबक असतो आणि काही यंत्रांत खाली फोम किंवा फेल्टचं कडं. ते झिजून भुगा झालं असेल तर सीडी सुरुवातीच्या झटक्याला घसरते.

ग्रीस आणि रूळ

सोनी आणि तिच्या पद्धतीच्या यंत्रांत पिकअप दोन सळयांवर सरकतो. तीस-चाळीस वर्षांत ग्रीसचा मेणासारखा थर होतो. लक्षण ठराविक: गाणं चालू असताना मधूनच अडखळतं, काही वेळा एकाच ठिकाणी घुटमळतं, आणि यंत्र तापल्यावर जरा सुधारतं. जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण काढा. जुन्यावर नवं थापणं म्हणजे काही न करणं. सळईवर हलक्या यंत्रतेलाचा पुसटसा हात, गिअरच्या दात्यांवर प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, तेही काडीच्या टोकावर मावेल इतकंच. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचं तेल इथे अजिबात नको. ते उडतं, पसरतं आणि लेन्सवर बसतं.

गिअरचे दातेही भिंगातून बघा. मोटरच्या दांड्यावर घट्ट बसवलेला छोटा पांढरा गिअर वयोमानाने उभा चिरतो. फट एका दात्याएवढी असते, पण दर फेरीला पिकअप तिथे उडी मारतो.

फिलिप्सची सीडीएम-१, २, ४ ही यंत्रणा वेगळीच. तिथे सळया नाहीत, लेन्स एका झुलत्या दांडीवर बसलेली असते. तिला तेल द्यायचं नाही. वीज बंद असताना यंत्रणा डावी-उजवीकडे कलली की दांडी आपल्या वजनाने अलगद इकडून तिकडे जायला हवी. अडखळली तर आत कचरा आहे किंवा बेअरिंगला कुणीतरी तेल पाजलंय. ओतीव धातूची, काचेच्या लेन्सची सीडीएम-१ मला सर्व यंत्रणांत जास्त टिकाऊ वाटते. ती बसवलेल्या प्लेअरांत बिघाड बहुधा यंत्रणेत नसतो, सर्किटमध्ये असतो.

सीडी फिरवणारी मोटर

पहिली गाणी तुटतात आणि शेवटची नीट वाजतात, असं असेल तर इथे बघा. सीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर जाईपर्यंत २०० वर येते. थकलेल्या मोटरला अनुक्रमणिका आणि पहिलं गाणंच जड जातं. कार्बन ब्रशच्या मोटरला मृत ठिकाणंही तयार होतात: कधी सीडी हलतच नाही, बोटाने जरा ढकलली की चालू. मोटरच्या वायरी सर्किटपासून सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दांडा हळूहळू फिरवा. आकडा थोडा हलतो ते ठीक, मध्येच एकदम उघडं सर्किट दाखवलं तर मोटर बदलावी लागेल.

मोटर बदलताना वरचं टेबल खेचून काढण्याआधी त्याची उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. लेन्सची वर-खाली हालचाल फार थोडी असते. टेबल नेमक्या उंचीवर बसलं नाही तर नव्या मोटरसकट पुन्हा ‘नो डिस्क’.

सोल्डर आणि कपॅसिटर

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तरच हा भाग. थंडीत बंद आणि तापल्यावर चालू, किंवा पेटीवर टिचकी मारली की चालू, ही सोल्डर सुटल्याची खूण. कनेक्टरच्या पिना, रेग्युलेटरचे पाय आणि गरम होणाऱ्या भागांच्या आसपास भिंगातून गोल चीर दिसते. फिलिप्सच्या सीडी १०४ आणि त्या पिढीच्या भावंडांत सर्किटच्या दोन बाजू जोडणारे बारीक रिव्हेटसारखे दुवे आहेत; ते जागोजागी सैल होतात. प्रत्येक दुव्यातून बारीक तार ओवून दोन्हीकडे सोल्डर करायचं. किचकट काम आहे, पण नुसतं सोल्डर वितळवून केलेला उपाय फार काळ टिकत नाही. सीडीएम-२ आणि ४ च्या खाली बसलेल्या छोट्या सर्किटवर ३३ मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहे. तो वाळला की सीडी वाचणं बेभरवशाचं होतं. स्वस्त भाग आहे, मी तो न विचारता बदलतो.

सगळेच कपॅसिटर एका बैठकीत बदलायचा मोह आवरा. एका वेळी एक बदल आणि मग चाचणी. नाही तर काय सुधारलं आणि काय आपणच बिघडवलं हे कळायचा मार्ग राहत नाही.

इथे थांबा

पिकअपच्या बाजूला एक इवलासा प्रीसेट (पेचकसाने फिरवून जुळवायचा रेझिस्टर) असतो, त्याला पेचकस लावू नका. तो लेझरची ताकद ठरवतो. थोडा वळवला की मेलेला प्लेअर काही वेळा लगेच बोलू लागतो, आणि म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे. पण आतलं सर्किट प्रकाश ठरल्याएवढा राहावा म्हणून म्हातारं होणाऱ्या लेझरला आपोआप जास्त करंट देतच असतं. तुम्ही वरून आणखी ढकललं तर उरलेलं आयुष्य झपाट्याने संपतं, आणि मूळ खूण हरवल्याने पुढच्या माणसाला काही मोजताही येत नाही. सर्किटवरच्या फोकस, ट्रॅकिंगच्या प्रीसेटांचंही तेच. ऑसिलोस्कोपवर सिग्नलची जाळी डोळ्यांसमोर नसताना ते फिरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तज्ज्ञाकडे जायची वेळ अशी ओळखा. वर लिहिलेलं सगळं झालं, लेन्स फोकस शोधते, सीडी नीट बसलेली आहे, तरी फिरत नाही. किंवा सीडी भन्नाट पळते आणि सोल्डर ठीक आहेत. फ्यूज लावताक्षणी उडतो, जळका वास येतो, ट्रान्सफॉर्मर बंद असतानाही तापतो: इथे तर पुढे एकही प्रयोग नको. सोनीच्या बऱ्याच पिकअपांवर तीन आकडी स्टिकर असतं. ४३९ म्हणजे ४३.९ मिलिअँपिअर. जाणकार सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे प्रत्यक्ष करंट मोजतो, आणि तो या आकड्याहून १० टक्क्यांच्या वर चढलेला असेल तरच लेझर थकलंय असं म्हणतो. न मोजता ‘लेझर गेलं’ म्हणणाऱ्याकडे यंत्र ठेवू नका.

नवा पिकअप घालायची वेळ आलीच, तर तो कुठून येतोय ते विचारा. जुन्या मॉडेलांचे नक्कल केलेले पिकअप बाजारात आहेत आणि त्यांचा दर्जा बेभरवशाचा. तीच यंत्रणा असलेला साधा, दुर्लक्षित प्लेअर घेऊन त्यातला पिकअप वापरणं मला जास्त पटतं. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक थेंब मुद्दाम लावलेला असतो. रिबन केबल जोडून झाल्यावर तो काढायचा, आधी नाही. आणि विसरलात तर लेझर लागणारच नाही.

दुरुस्तीनंतर ताळा करायचा तो झाकण लावून. लांब सीडीचं शेवटचं गाणं, मग पहिलं, मग पुन्हा शेवटचं असं उड्या मारत. आणि त्यानंतर दोन तास सलग. दोन प्लेअरांचा आवाज शेजारी ठेवून ऐकायचा असेल तर हे दोघांचंही झाल्याशिवाय ऐकू नका. चुका वाढल्या की प्लेअर हरवलेले नमुने आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो, आणि आपण तो फरक डॅकच्या (आकड्यांचा आवाजी सिग्नल करणाऱ्या चिपच्या) नावावर खपवतो. दोघांची आवाजपातळीही मीटरने सारखी करून घ्या. जरा मोठ्याने वाजणारा प्लेअर कानाला नेहमीच सरस वाटतो.